माझ्या जावेची सुपरमार्केटं

सेलूत आता असं घर शोधून सापडणार नाही, जिथे स्वयंपाकघराच्या दारामागे माझ्या जावेच्या दुकानाची पिशवी लटकलेली नाही. हिरवी, जाड, कितीही धुतली तरी न विटणारी. लग्नाचा आहेर तिच्यातून येतो, शेतावरचा डबा तिच्यातून जातो, एसटीत खिडकीतून जागा धरायला लोक तीच आत टाकतात. दुकानाचं नाव मी लिहिणार नाही. पिशव्यांवर त्यांनी ते पुरेसं मोठं छापलं आहे.

माझ्या घरात मात्र ती पिशवी कधी आली नाही. कोणी त्यातून काही आणलंच, तर मी वस्तू काढून घ्यायची आणि पिशवी त्याच पावली परत द्यायची. उगाच मोठेपणा कशाला दाखवू? मला माझ्या धाकट्या जावेचा हेवा वाटतो. थोडाथोडका नाही, चांगला वाटतो. सकाळी चहा पिताना वाटतो आणि देवापुढे दिवा लावतानाही वाटतो.

मूळ दुकान एकच. बाजारओळीत, सासऱ्यांनी थाटलेलं किराण्याचं दुकान. दोघं भाऊ ते चालवायचे. मी मोठी सून, शाळा शिकलेली, हिशोबाला पक्की, म्हणून सासूबाईंनी मला गल्ल्यावर बसवलं. किराण्याच्या दुकानात बाईने गल्ल्यावर बसणं तेव्हा नवलाचं होतं. गिऱ्हाईक मला 'मालकीनबाई' म्हणायचं आणि मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची. धाकटी आली ती समुद्रपूरकडच्या शेतकरी घरातून. बोलायची कमी, आवाज बसका. सासूबाईंनी तिला दुकानाच्या मागच्या खोलीत सूप दिलं. दिवसभर ती तिथे बसून तूर डाळ, चणा डाळ, पोहे, मोहरी पाखडायची आणि निवडायची. मी समोर, ती मागे. आमच्या दोघींत एक पडदा होता, फुलाफुलांचा. कोण कुठे शोभतं हे त्या पडद्यानेच ठरवून टाकलं आहे, असं मला वाटायचं.

सासूबाई गेल्यावर वाटणी झाली. आमच्याकडची रीत अशी, की मोठ्याने वाटे करायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं. म्हणजे मोठ्याला लबाडी करता येत नाही. मला मात्र ती करता आली. एका वाट्यात दुकान होतं, दुसऱ्यात बसस्टँडजवळचं गोदाम. गोदाम कसलं, पत्र्यांची मोठी लांबच लांब खोली. पावसाळ्यात गळायची, उंदीर दिवसाढवळ्या फिरायचे. दीर दुकानच उचलणार हे उघड होतं. म्हणून मी यांच्या मागे लागले, की गोदामाच्या वाट्यात मेटॅडोर घाला. गाडी नवीकोरी होती आणि दिराचा तिच्यावर भारी जीव. यांना ते पटलं नाही, पण शेवटी घातली.

दिराने दोन्ही वाटे ऐकले, बायकोकडे एकदा पाहिलं आणि गोदाम उचललं. मला इतका आनंद झाला, की मी त्या दिवशी सगळ्यांसाठी शिरा केला. धाकटीने दोनदा मागून घेतला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

तिने गोदामाची जमीन गुळगुळीत करून घेतली, लोखंडी मांडण्या लावल्या आणि माल निवडून, पाकिटात भरून उघडा मांडून ठेवला. ज्याला जे हवं ते त्याने स्वतः घ्यावं. आम्ही दुकानात बसून हसलो. म्हणजे मी हसले. हे पुडीला दोरा गुंडाळत म्हणाले, "चालंन. तिनं इचार केला असंन."

सुरुवातीला खरंच मजा होती. खेड्यावरच्या बाया त्या चकचकीत फरशीला बिचकून चपला बाहेर काढायच्या. मांडणीपुढे हात मागे बांधून उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "हात लावू का वो?" धाकटी दारात उभी राहून म्हणायची, "लावा न. तुमचंच होय. चपला घालून या." एवढंच. याच्यात काय जादू आहे, मला अजून कळलेलं नाही. पण ज्या बायका आमच्या ओट्याबाहेर उभ्या राहून पाव किलो साखर मागायच्या, त्या तिच्याकडे अख्खी दुपार घालवू लागल्या. नुसत्या फिरायच्या. साबणाचा वास घेऊन ठेवून द्यायच्या. कोणी हटकायचं नाही.

मग कारंजात दुकान निघालं, हमरस्त्याला लागून. मला वाटलं होतं, तिथे ट्रकवाल्यांशिवाय कोण थांबणार? ट्रकवालेच थांबले. ढाब्यावर जेवायचं आणि हिच्याकडून बिस्किटं, तेल, साबण घेऊन पुढे निघायचं. मग तिच्या माहेरच्या वाटेवर समुद्रपूरला. कापसाच्या हंगामात तिथे पाय ठेवायला जागा नसते म्हणे. मग हिंगणघाट, आर्वी आणि वर्ध्यात दोन. प्रत्येक दुकानाच्या वेळी पत्रिका घरी यायची, वर आमचं नाव आधी, मोठ्या घराचा मान म्हणून. प्रत्येक वेळी हे नवा सदरा घालून जायचे आणि माझं डोकं दुखायचं.

यांचं वागणं मला सगळ्यात जास्त खुपायचं. यांना कशाचं काही वाटायचंच नाही. संध्याकाळी मारुतीच्या देवळात दोघं भाऊ शेजारी बसायचे. आमच्याच दुकानात, आमच्याच गिऱ्हाईकाला हे सांगायचे, "भावानं आर्वीले बी टाकलं बरं का. पाहून या एकदा." मी गल्ल्यावरून डोळे वटारायची. गिऱ्हाईक खरंच पाहायला जायचं आणि मग आमच्याकडे फक्त खडीसाखर नाही तर रांगोळी घ्यायला यायचं. मी घरात नेम करून टाकला. त्या दुकानातली काडेपेटीसुद्धा आपल्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. आम्हाला एकच मुलगी, ती पुण्याला नोकरीत. सुट्टीत आली की ती हसायची. तिने हसावं, तिला कुठे दुकानात बसायचं होतं?

आणि मीच एक दिवस कारंजाची एसटी पकडली.

मावसबहिणीकडे जाते म्हणून सांगितलं. गेलेही, पण आधी त्या दुकानात. कॉलेजच्या पोरी उन्हात बांधतात तसा दुपट्टा तोंडाला गुंडाळला होता. आत शिरले आणि माझं चित्त ठिकाणावर राहिना. मला चूक शोधायची होती. वजनात चूक, मालात चूक, झाडूपोछ्यात चूक, कोणत्या तरी पोरीच्या बोलण्यात उर्मटपणा. काही तरी सापडू दे, म्हणजे परतीच्या एसटीत सुखाने बसता येईल. पोह्याच्या एका पाकिटात भुसा सापडला. काय सांगू, देव भेटल्यासारखं वाटलं.

त्या दिवसापासून मला चटक लागली. समुद्रपूरला मैत्रीण, आर्वीला वैद्य, वर्ध्याला चष्मा. प्रत्येक गावी मला काही ना काही काम निघू लागलं. मांडणीपुढे उभी राहून मी पाकीट उजेडात धरायची, बोटांनी दाबून पाहायची, नाकाला लावायची. कमअस्सल माल दिसला की पाकीट उलटं करून ठेवायची, डोकं खाली. ती आमच्या सासूबाईंची सवय. दुकानात ज्या डब्यातला माल विकायचा नाही, तो डबा त्या उलटा ठेवायच्या, म्हणजे घाईत कोणी चुकूनही त्यातलं गिऱ्हाईकाला देत नसे. माझ्या हाताला ते इतकं बसलं आहे, की मी काय करते आहे हे माझ्या लक्षातही यायचं नाही.

नुसतं फिरून बाहेर पडणं बरं दिसत नाही, म्हणून मी काही तरी विकत घ्यायची. बहुतेक तूर डाळच. घरी येऊन ती आपल्या डब्यात ओतायची आणि पाकीट चुलीत घालायची. बिलाच्या वेळी पोरगी मोबाइल नंबर विचारायची. पॉइंट जमा होतात म्हणे, पुढे सूट मिळते. नाव मी खोटं सांगितलं. नंबर मात्र खरा दिला. दुकानदाराची बायको आहे मी. फुकट मिळणारी गोष्ट सोडून यायला माझं मन धजलं नाही.

एकीकडे हे चाललं होतं आणि दुसरीकडे पुतण्या आमचं दुकान मागत होता. तो आता सगळा कारभार पाहतो. पोरगा गोड आहे, आईसारखाच कमी बोलतो. आमच्या ओट्यावर बसून म्हणाला, "मोठेबाबा, तुमचे गुडघे दुखून राह्यले. हे दुकान आमाले द्या. पाटी तुमचीच राहीन. इथूनच तर सुरू झालं न सगळं." यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "तुह्या मोठीआईले इचार. ती म्हणंन तसं."

मी नाही म्हटलं. मग पोळ्यानंतर पाहू म्हटलं, दिवाळीनंतर पाहू म्हटलं, संक्रांतीला तीळगूळ देतानाही पाहूच म्हटलं. दुकान चालत नव्हतं, यांना उठता-बसता त्रास होत होता, मुलगी फोनवर चिडत होती. सगळं कळत होतं. पण सगळं तिचं झालं होतं. एवढं एक दुकान होतं, जे तिचं नव्हतं. ते दिलं तर मी कोण?

यंदा सेलूतल्या गोदामाच्या जागी त्यांनी दोन मजली इमारत बांधली. तिच्या उद्घाटनाला मला जावंच लागलं, गावातच असल्यामुळे डोकेदुखीचं निमित्त कोणी ऐकलं नसतं. मांडव, खुर्च्या, थंड पाणी. आमची राहिलेली चार गिऱ्हाइकंही पहिल्या रांगेत बसली होती आणि माझी नजर चुकवत होती. दीर बोलले, पुतण्या बोलला. धाकटी नेहमीसारखी बाजूला उभी, साधी सुती साडी. तीसुद्धा मला खुपली. इतकं असून साधं राहायचं, हाही एक तोराच.

मग पुतण्याने माइकवर सांगितलं, की आमच्या सगळ्या दुकानांत मिळून ज्या ग्राहकाचे पॉइंट सर्वांत जास्त, त्यांना बक्षीस आहे. सेलू सोडून बाकी सहाही दुकानांत खरेदी करणारं असं एकच गिऱ्हाईक आहे. "आपण त्यांना आत्ताच फोन लावू," तो म्हणाला आणि चिठ्ठीवरचा नंबर दाबू लागला.

माझ्या पर्समध्ये आरतीची धून वाजायला लागली.

पुतण्याने हातातल्या फोनकडे पाहिलं. त्यावर काय उमटलं असेल ते मला माझ्या खुर्चीवरून दिसत होतं. 'मोठीआई'. त्याने कापायला हवा होता तो फोन. पण पोरगं गोंधळलं आणि धून वाजतच राहिली, सगळा मांडव माना वळवून पाहू लागला. पहिल्या रांगेतल्या मास्तरीणबाई, ज्या केवळ माझ्या भिडेखातर इतकी वर्षं तिथे गेल्या नव्हत्या, त्या तर अर्ध्या उठूनच उभ्या राहिल्या. हे माझ्या शेजारी. यांनी माझी पर्स घेतली, फोन बाहेर काढला, बंद केला आणि शांतपणे म्हणाले, "जा. बोलावून राह्यले."

मी गेले. मिक्सर होता बक्षीस. धाकटीने माझ्या हातात दिला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. धरणीने पोटात घ्यावं असं म्हणतात ते काय असतं, ते मला तिथे उभ्या उभ्या समजलं.

खाली उतरल्यावर धाकटीने माझा दंड धरला आणि वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात नेलं. दार लावलं. चहा मागवला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. मी म्हटलं, "हसून घे. मुद्दामच केलं न तू हे?"

"नाई वो बाई. नंबराचं मले खरंच ठाऊक नवतं," ती म्हणाली. "पन तुमी येता हे ठाऊक होतं. कारंजाच्या मॅनेजरनं मले फोन केला होता. कोनी तरी बाई येते, पाकिटं उलटी ठेवून जाते म्हने. मी म्हटलं, थ्या पाकिटाले हात नको लावू, मी येते. पाह्यलं तं पोह्यात भुसा. माल उलटा ठेवनारं दुसरं कोन आहे आता? आत्याबाई गेल्या. एक तुमी अन् एक मी."

मी मिक्सरचं खोकं मांडीवरून खाली ठेवलं.

"तवापासून सगळ्या दुकानांत सांगून ठेवलं. जे पाकीट उलटं दिसंन, तो पुरा माल त्याच दिवशी काढून टाकाचा. तुमी कधीच चुकल्या नाई, बाई."

म्हणजे पाहा. मी इतकी वर्षं एसटीचे धक्के खाल्ले, तोंड झाकून चोरासारखी फिरले, ते हिच्या दुकानातला माल चोख राहावा म्हणून. माझा जळफळाटसुद्धा हिच्याच कामी आला. मला रडू येईल असं वाटलं, ते रागाचं होतं.

चहा आला. धाकटीने बशीत ओतला आणि प्यायलाच नाही. बशीकडे पाहत म्हणाली, "बाई, ते दुकान द्या न. पोरगा धंद्यासाठी मागते. मले नाई धंद्यासाठी पायजे. मले गल्ल्यावर बसायचं आहे. तुमी बसत होत्या तसं. मी पडद्यामांगून पाहत होती तुमाले. गिऱ्हाईक 'मालकीनबाई' म्हने न, तवा माझ्या हातातलं सूप थांबून जाय. सात दुकानं झाली, पन कोनत्याच दुकानात तसा गल्ला नाई. पोरी मशिनीवर बसतात. मी कोठं बसू?"

आता मी खोटं बोलणार नाही. माझ्या जिवाला इतकं थंड वाटलं, की विचारू नका. माझ्याकडे असं काही होतं, जे तिला हवं होतं. ती पडद्यामागे बसून जळत होती आणि मला पत्ताही नव्हता. मी उरलेला चहा सावकाश प्यायले, चांगली चव घेत. आणि मग तो थंडावा ओसरला आणि मागे नुसती ती दिसली. बसक्या आवाजाची, माझ्याइतकीच म्हातारी, मांडीवर रिकामे हात ठेवून बसलेली. मी म्हटलं, "घरी इचारते अन् सांगते." मनात मात्र देऊन टाकलं होतं. यांचेही गुडघे सुटतील, असं ठरवूनच मी पायऱ्या उतरले.

आम्ही बाजारओळीतून पायीच आलो. मिक्सरचं खोकं यांनी धरलं होतं. हे चार पावलं पुढे चालत होते. मला वाटलं, रागावले असतील. आपला नेम आपणच मोडला, गावात हसं केलं. यांनी दुकान उघडलं, दिवा लावला, खोकं खाली ठेवलं आणि गल्ल्याशेजारच्या आपल्या स्टुलावर बसले. मी धाकटीचं मागणं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात यांनीच विचारलं.

"डाळ कशी असते तिथं?"

मी गल्ल्याचा खण उघडला आणि पुन्हा लावला.

"सांग न. तू तं सगळीकडची पाह्यली. आपल्यापेक्षा चांगली असते का?"

खोटं बोलणं सोपं होतं. या माणसाने लग्नापासून मला कधी काही विचारलं नव्हतं, मीच सगळं ठरवत आले. पण मांडवात माझी पर्स उघडून, न चिडता फोन बंद करणाऱ्या माणसाशी त्याच संध्याकाळी खोटं बोलवेना. आणि धाकटी सहा-सात वर्षं पडद्यामागे डाळ निवडत बसली होती, तेही डोळ्यांपुढून हलेना.

"चांगली असते," मी म्हटलं. "खूपच चांगली. घरी बी तीच शिजवते मी."

यांनी समोरच्या तूर डाळीच्या पिंपाकडे पाहिलं. मूठभर डाळ घेतली, दिव्याखाली धरली, बोटाने पसरली. मग यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी त्याआधी फक्त आरशात पाहिलं होतं. तोंड तसंच, फक्त ओठ आत ओढले गेलेले आणि नजर कुठे तरी दुसऱ्याच्या दारात. भावाची सात दुकानं या माणसाने हसतमुखाने पाहिली होती. सगळ्या गावाने तिथली डाळ नेली, तेव्हाही यांना काही झालं नाही. बायकोने आणली, तेव्हा झालं.

"दुकान द्यायचं नाई," हे म्हणाले. "पोराले सांगून दे."

मी धाकटीचं सांगितलं, गल्ल्याचं, पडद्याचं, सगळं. गुडघ्यांचं सांगितलं. यांनी ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले. वर्षभर मी जो 'नाही' धरून बसले होते, तो आता यांनी धरला आणि मला काही तो सोडवता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात आले, तर हे जमिनीवर गोणपाट टाकून बसले होते. चष्मा नाकावर आणि मांडीवर सूप. डाळ निवडत होते. नीट जमत नव्हतं, खड्यांबरोबर चांगली डाळही बाजूला पडत होती. मी शेजारी बसून हात लावायला गेले, तर सूप ओढून घेतलं. तेव्हापासून रोज बसतात. देवळात जाणं बंद केलं आहे. परवा दीर स्वतः ओट्यापर्यंत येऊन गेले, "दादा, चाल न" म्हणाले, तर हे म्हणाले, काम आहे.

दुकान अजून आमचंच आहे. पण या घरात इतकी वर्षं एकटी मी जळत होते, आता दोघं जळतो, आणि यांना ते कसं करायचं हेही माहीत नाही.